बर्मंडसीचा घसारा

ब्रिटनमध्ये पार्लमेंटच्या एखाद्या पोटनिवडणुकीची तारीख जाहीर झाली की वृत्तपत्रे त्या मतदारसंघातील मागील मताधिक्याचा आकडा ठळक टाइपात छापतात आणि त्यावरून जागा ‘सुरक्षित’ आहे की नाही याचा निकाल देऊन मोकळी होतात. या आकड्याची किंमत किती असते हे २०२५ च्या मे महिन्यात रनकॉर्न अँड हेल्स्बी येथे दिसले. २०२४ साली तेथे मजूर पक्षाचे मताधिक्य १४,६९६ होते. दहा महिन्यांत ते विरून गेले आणि रिफॉर्म पक्षाने अवघ्या ६ मतांनी ती जागा घेतली. असे काही घडले की जुन्या पराभवांची उजळणी सुरू होते, आणि त्या उजळणीत बर्मंडसीचे नाव आल्याशिवाय राहत नाही. २४ फेब्रुवारी १९८३ ची ती पोटनिवडणूक मजूर पक्षातील मवाळांनी गेली चाळीस वर्षे एखाद्या बोधकथेप्रमाणे वापरली आहे. कथा अशी : पक्षाने जहाल, ‘विक्षिप्त’ उमेदवार दिला, सामान्य कामगार बिथरला, आणि पिढ्यान्‌पिढ्यांची जागा एका रात्रीत गेली. तात्पर्य : जहालांना आवरा.

ही कथा खोटी आहे असे माझे स्पष्ट मत आहे. आणि ती खोटी ठरविण्यासाठी कोणत्याही गुप्त कागदपत्रांची गरज नाही. त्या मतदारसंघातील मतदानाचा इतिहास वाचण्याची तसदी घेतली तरी पुरे.

प्रथम आकडे घेऊ. १९७९ च्या सार्वत्रिक निवडणुकीत मजूर पक्षाचे बॉब मेलिश यांना १९,३३८ मते मिळाली. म्हणजे शेकडा ६३.६. हुजूर पक्षाला ७,५८२ आणि लिबरल पक्षाला जेमतेम २,०७२. चार वर्षांनंतरच्या पोटनिवडणुकीत लिबरल उमेदवार सायमन ह्यूज यांना १७,०१७ मते पडली, मजूर पक्षाच्या पीटर टॅचेल यांना ७,६९८. शेकडा ४४ हून अधिक मतांचा कल एका पक्षाकडून दुसऱ्याकडे फिरला. इतका मोठा कल ब्रिटिश पोटनिवडणुकांच्या इतिहासात दुसरा नाही.

या पराभवानंतर पुढे करण्यात आलेल्या दोन सबबी याच आकड्यांवर टिकत नाहीत. आपला मतदार घरी बसला, ही पहिली. पण एकूण मतदान १९७९ मध्ये सुमारे तीस हजार होते आणि १९८३ मध्ये साडेएकोणतीस हजारांच्या घरात. फेब्रुवारीच्या थंडीत माणसे घराबाहेर पडली आणि विचारपूर्वक दुसरीकडे मत देऊन आली. दुसरी सबब म्हणजे बंडखोरीमुळे मते फुटली. सदर्क कौन्सिलचे माजी नेते जॉन ओग्रेडी ‘खरा बर्मंडसी मजूर’ म्हणून उभे होते हे खरे. परंतु त्यांची २,२४३ मते टॅचेल यांच्या मतांत मिळवली तरी बेरीज दहा हजारांवर जात नाही. ह्यूज सात हजारांनी पुढेच राहतात. हुजूर पक्षाची गळालेली सहा हजार मते जशीच्या तशी ह्यूज यांच्याकडे गेली असे गृहीत धरले, तरी त्यांच्या वाढीतील जवळजवळ नऊ हजार मतांचा उगम अन्यत्र शोधावा लागतो. तो उगम मजूर पक्षाच्या मतांतच आहे हे सांगावयास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

मग ही मते मुळात आली कोठून होती? येथे मागे जावे लागते, आणि हा भाग विस्ताराने सांगण्याजोगा आहे, कारण कार्यकर्त्यांना त्यातून आनंदही होईल.

बर्मंडसी म्हणजे थेम्सच्या दक्षिण काठावरील गोद्या, वखारी, चामड्याचे कारखाने आणि दाट चाळींसारखी वस्ती. टूली स्ट्रीट लंडनचे कोठार म्हणून ओळखला जाई. हिंदुस्थानातील चहाची खोकी बटलर्स वॉर्फवर उतरत. पीक फ्रीनची बिस्किटे याच भागात भाजली जात. १९०१ साली या बरोची लोकसंख्या सुमारे १ लाख ३० हजार होती. गोदीचे काम रोजंदारीचे. सकाळी फाटकाशी उभे राहावे, मुकादमाने बोट दाखविले तर काम, नाही तर उपास. अशा वस्तीत आल्फ्रेड सॉल्टर नावाचा एक अत्यंत बुद्धिमान तरुण डॉक्टर संशोधनातील उज्ज्वल भवितव्य सोडून येऊन राहिला आणि सहा पेन्सांत, पुष्कळदा फुकट, औषध देऊ लागला. त्याची पत्नी एडा तेथे त्याच्या आधीपासून काम करीत होती. त्यांनी घर केले ते त्याच वस्तीत. १९१० साली त्यांची एकुलती एक मुलगी जॉइस वस्तीतल्याच साथीच्या तापाने गेली. त्यानंतरही त्यांनी घर हलविले नाही.

सॉल्टर प्रथम लिबरल होते. १९०८ साली ते पक्ष सोडून बाहेर पडले आणि त्यांनी बर्मंडसीत स्वतंत्र मजूर पक्षाची शाखा काढली. (डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली मुंबईत स्थापलेल्या पक्षाचे नावही तेच होते. वाचकांनी गल्लत करू नये.) पुढल्याच वर्षी पोटनिवडणूक आली. सॉल्टर तिसरे आले आणि मते फुटल्याने जागा हुजूर पक्षाकडे गेली. आजच्या भाषेत ‘मतविभाजनाचे पाप’ त्यांच्या माथी आले. १९२२ साली ते पश्चिम बर्मंडसीतून निवडून आले, १९२३ साली लिबरल धर्मोपदेशक रॉडरिक केडवर्ड यांच्याकडून हरले, १९२४ साली परत जिंकले आणि १९४५ पर्यंत ती जागा त्यांनी सोडली नाही. १९३१ साली मजूर पक्षाचे देशभर पानिपत झाले. शेजारच्या रॉदरहाइथमध्ये बेन स्मिथ पडले, सॉल्टर टिकले.

ते का टिकले? १९२२ मध्ये बरो कौन्सिल मजूर पक्षाच्या हाती आले आणि एडा सॉल्टर मेयर झाल्या. लंडनमधील पहिल्या स्त्री मेयर. या कौन्सिलने क्षयरोग्यांसाठी सूर्यप्रकाश-चिकित्सेचे केंद्र काढले, आरोग्याचे चित्रपट स्वतः तयार करून मोटारीवरून गल्लोगल्ली दाखविले, विल्सन ग्रोव्ह येथे गलिच्छ वस्ती पाडून बगीचे असलेली छोटी घरे बांधली, रस्त्यांवर हजारो झाडे लावली. पक्षाचे सभासद हजारांच्या घरात होते, आणि वर्गणी घरोघर जाऊन गोळा केली जाई. वर्गणी मागायला येणारा माणूस छपराची गळती पाहून जाई, आजारी मुलाचे नाव लिहून घेई. फेनर ब्रॉकवे हे नाव स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासातून आपल्याला परिचित आहे. त्यांनी १९४९ साली सॉल्टर यांचे चरित्र लिहिले, ते जिज्ञासूंनी मिळवून वाचावे.

आता माझा प्रश्न मवाळ पंडितांना आहे. जहाल उमेदवार कामगारांना चालत नाही म्हणता, तर सॉल्टर कोण होते? ते राजेशाहीचे विरोधक. पहिल्या महायुद्धाला त्यांचा विरोध, दुसऱ्यालाही विरोध. त्याहून कहर म्हणजे ते कडवे दारूबंदीवाले, आणि मतदार गोदी कामगार! पार्लमेंटचे सभासद सभागृहात पिऊन येतात असा जाहीर आरोप करून त्यांनी स्वपक्षीयांचाही रोष ओढवून घेतला होता. त्यांच्या मतांपैकी निम्मी तरी त्यांच्या मतदारांना मान्य नसावीत. तरीही मतदारांनी त्यांना पुनःपुन्हा निवडून दिले. ज्याने आपल्या घरचे आजारपण काढले त्याचे विचार पटले नाहीत तरी माणूस त्याला मत देतो.

बॉब मेलिश आले ते १९४६ सालच्या रॉदरहाइथच्या पोटनिवडणुकीत. वाहतूक कामगारांच्या युनियनचा हा माणूस; बर्मंडसीच्या कॅथलिक गोदी कामगारांना तो आपला वाटे, आणि आरंभी त्याने कष्टही घेतले. त्याच निवडणुकीत दुसऱ्या क्रमांकावर हुजूर पक्ष नव्हता, लिबरल होता, याची आठवण १९८३ मध्ये कोणाला राहिली नव्हती. मतदारसंघांची नावे व सीमा बदलल्या, पण मेलिश छत्तीस वर्षे राहिले आणि पक्षाचे मुख्य प्रतोद झाले. कौन्सिलमध्ये विरोधक नावापुरते उरले. आणि येथून घसारा सुरू झाला.

वर्गात घसारा शिकविताना मी सांगत असे की यंत्र चालू असते तोवर घसारा डोळ्यांना दिसत नाही; तो हिशेबाच्या वहीत दाखवावा लागतो, आणि जो कारखानदार तो दाखवीत नाही त्याला नफा झाल्याचा भास होत राहतो. मेलिश यांची प्रचंड मताधिक्ये अशी होती. १९६१ पर्यंत बरोची लोकसंख्या ५२ हजारांच्या आसपास उतरली. १९६५ मध्ये बर्मंडसीचे स्वतंत्र कौन्सिल जाऊन ते सदर्कमध्ये विलीन झाले. मालपेट्यांची वाहतूक नदीच्या मुखाकडे टिल्बरीला गेली आणि १९७० साली सरे कमर्शियल डॉक्स बंद पडले. ज्या रोजगारावर युनियन, युनियनवर पक्ष आणि पक्षावर मते उभी होती तो रोजगारच नाहीसा झाला. या काळात पक्षाने काय केले? हजारांची सभासदसंख्या शेकड्यांवर आली तरी शाखेत जुनी मंडळी दार लावून बसली. नवीन सभासद म्हणजे नवीन मत, आणि नवीन मत म्हणजे पुढच्या वेळी आपल्या खुर्चीला धोका. वर्गणीदार घरी येईनासा झाला. कौन्सिलच्या घरांची डागडुजी रखडली, आणि तक्रार करणाऱ्याला कौन्सिलही मजूर पक्षाचे, खासदारही मजूर पक्षाचा, मग जायचे कोणाकडे, हा प्रश्न पडू लागला.

१९८१ साली थॅचर सरकारने गोदी विभागासाठी विकास महामंडळ नेमून नियोजनाचे अधिकार लोकनियुक्त कौन्सिलांकडून काढून घेतले. मेलिश त्याचे उपाध्यक्ष झाले! गोदी कामगारांचा प्रतिनिधी गोदीची जमीन बांधकाम कंपन्यांच्या हवाली करणाऱ्या मंडळावर बसला. आणि १९८२ च्या कौन्सिल निवडणुकीत त्याने स्वपक्षाच्या अधिकृत उमेदवारांविरुद्ध अपक्षांना पाठिंबा दिला. छत्तीस वर्षांनंतर राजीनामा देऊन त्याने पोटनिवडणूक लादली. बर्मंडसीच्या पराभवाची चर्चा करणाऱ्यांच्या तोंडी हा तपशील क्वचितच येतो.

टॅचेल यांचे काय? हा ऑस्ट्रेलियात जन्मलेला तरुण कौन्सिलच्या घरात राहत होता आणि शाखेचा चिटणीस होता. शाखेने त्याला रीतसर निवडले. संसदेबाहेरील प्रत्यक्ष प्रतिकाराचा पुरस्कार करणारा एक लेख त्याने लिहिला होता, एवढ्या भांडवलावर डिसेंबर १९८१ मध्ये पक्षाचे नेते मायकेल फूट यांनी भर सभागृहात त्याला झिडकारले. आपल्या हयातीत मान्यता मिळणार नाही अशा थाटाचे ते बोलणे होते. हयातभर सभा-मोर्चे गाजविलेल्या फूट यांच्यासारख्या माणसाने हे करावे याचा मला आजही विषाद वाटतो. वर्षभराने त्याच उमेदवाराला मान्यता देऊन त्याच्यासाठी मते मागण्याची पाळी पक्षावर आली. नेत्याने आधीच त्याज्य ठरविलेला उमेदवार मतदाराने का स्वीकारावा?

प्रचार किळसवाणा होता. टॅचेल समलिंगी आहे हे हेरून वृत्तपत्रांनी त्याची जी विटंबना केली, निनावी पत्रके वाटली गेली, बंडखोर ओग्रेडी यांनी घोडागाडीवरून टवाळीची गाणी म्हटली, ती ब्रिटिश लोकशाहीला लाज आणणारी आहे. लिबरलांचे हातही स्वच्छ नव्हते. ह्यूज यांनी स्वतः २००६ साली क्षमा मागितली. टॅचेल यांना गप्प राहण्याचा सल्ला देणारा त्यांचा पक्षही या पापात वाटेकरी होता. परंतु डाव्या मित्रांनाही मला हे सांगितले पाहिजे की सगळा दोष वृत्तपत्रांच्या आणि पूर्वग्रहांच्या माथी मारणे ही दुसरी पळवाट आहे. सॉल्टर यांच्यावर वृत्तपत्रांनी काय फुले उधळली होती? विषारी प्रचाराला जागा मिळाली, कारण दारावर जाऊन त्याचे खंडन करील असा ओळखीचा माणूस पक्षाकडे उरला नव्हता. दोन वर्षांत नव्या कार्यकर्त्यांनी जे केले ते तीस वर्षांच्या तुटीला पुरणारे नव्हते.

आणि सर्वांत बोलका पुरावा त्यानंतरचा आहे. १९८३ च्याच जूनमध्ये सार्वत्रिक निवडणूक झाली. टॅचेल उमेदवार नव्हते. पार्लमेंटमध्ये आधीच असलेले जॉन टिली मजूर पक्षाने उभे केले. ह्यूज पुन्हा जिंकले. १९८७ मध्ये जिंकले, १९९२ मध्ये जिंकले. १९९७ साली ब्लेअर यांनी पक्षातील सारी जहालता धुऊन काढून ४१८ जागा मिळविल्या; तेव्हाही बर्मंडसी ह्यूज यांच्याकडेच राहिली. २००२ ते २०१० सदर्क कौन्सिलचे नेतृत्वही लिबरल डेमोक्रॅटांकडे होते. उमेदवार हा रोग असता तर तो गेल्यावर रोगी बत्तीस वर्षे अंथरुणावर का राहिला?

ह्यूज यांनी केले काय, तर १९७० पासून लिबरल पक्षाने स्वीकारलेले वस्तीचे राजकारण. गळके नळ, मोडके लिफ्ट, भाड्याच्या तक्रारी. वस्तीतच राहणारा आणि नियमाने गाऱ्हाणी ऐकणारा प्रतिनिधी. एडा सॉल्टर यांना हे काम नवे वाटले नसते. सॉल्टर दांपत्याने मात्र त्याला समाजवादाचा कणा दिला होता. ह्यूज यांच्या राजकारणात तो नव्हता, आणि २०१० साली त्यांचा पक्ष हुजूर पक्षाच्या सरकारात जाऊन बसला तेव्हा ते उघड झाले. त्या पाच वर्षांनंतर, २०१५ साली, नील कॉइल यांनी ती जागा मजूर पक्षाला मिळवून दिली. पक्षाने ती परत कमावली असे कोणी म्हणू नये. समोरच्याने आपली गमावली. बटलर्स वॉर्फच्या वखारींतून तोवर श्रीमंतांची घरे झाली होती. नदीकाठी बसलेला डॉ. सॉल्टर यांचा पुतळा २०११ साली चोरीस गेला होता; २०१४ मध्ये स्थानिकांनी वर्गणी गोळा करून तो पुन्हा बसविला आणि त्याच्याजवळ एडा यांचाही उभारला.