एक वर्ष लाइपझिगला

या सदराच्या वाचकांपैकीं दोन पालकांचीं पत्रें गेल्या महिन्यांत माझ्याकडे आलीं. दोहोंचा प्रश्न एकच. मुलगी मानसशास्त्र घेऊन बी. ए. च्या वर्गांत आहे; मधलें एक वर्ष परदेशीं काढण्याची संधि तिला आली आहे; पाठवावी कीं न पाठवावी? एका गृहस्थांनीं तर पुढें असेंही विचारलें आहे कीं, मन आपल्यापाशींच असतां त्याचा अभ्यास करावयास इतक्या दूर कशाला जावयाचें? प्रश्न थट्टेनें विचारलेला दिसतो, परंतु मला हंसूं आलें नाहीं. दोन वर्षांपूर्वीं आमच्या माजघरांत हाच प्रश्न माझ्याच तोंडून निघाला होता. म्हणून सल्ला देण्याऐवजीं आमच्या घरीं जें घडलें तेंच सांगतों.

आई, आम्ही उभयतां, आमचा मुलगा, धाकटे बंधु, भावजय आणि त्यांची एकुलती मुलगी असे सातजण आम्ही एका घरांत राहतों. पुतणी शाळेपासून जर्मन शिकलेली. कॉलेजांत मानसशास्त्र घेतलें, आणि विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीच्या योजनेंतून जर्मनीतील लाइपझिग येथें एक वर्ष राहण्याची तिची निवड झाली. शिकवणीची फी नव्हती, पण व्हिसासाठीं वर्षाच्या खर्चाची रक्कम आधींच एका गोठविलेल्या खात्यांत भरावी लागते. त्या वेळीं ती ११,९०४ युरो होती, व त्यांतून दरमहा ९९२ युरोच हातीं पडत. आपल्या हिशेबानें हे दहा लाखांच्या वर गेले. बंधु पैशाच्या काळजींत, भावजय थंडीच्या, आणि मी तत्त्वाच्या! पत्नीनें इरावतीबाई कर्व्यांचें नांव काढलें. मी म्हणालों, "त्यांची गोष्ट निराळी." त्यावर ती म्हणाली, "१९२८ च्या नोव्हेंबरांत त्या बर्लिनला गेल्या, तेव्हां त्यांच्या सासऱ्यांनाही तें पसंत नव्हतं. आणि सासरे कोण, तर महर्षि कर्वे!" स्त्रीशिक्षणासाठीं ज्यांनीं जन्म वेचला त्यांच्याच पंक्तीला मला बसविल्यावर मी काय बोलणार? पुतणी सप्टेंबरच्या अखेरीस गेली.

लाइपझिग हें गांव मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला काशीसारखें आहे. १८७९ सालीं विल्हेल्म वुंट यांनीं तेथील विद्यापीठांत प्रयोगशाळा सुरू केली, आणि तेव्हांपासून हें शास्त्र तत्त्वज्ञानाच्या ओसरीवरून उठून स्वतःच्या घरीं राहूं लागलें असें मानतात. दिवा दिसल्यापासून बोट कळीवर पडेपर्यंत किती काळ जातो तें सेकंदाचा हजारावा भाग दाखविणाऱ्या घड्याळावर तेथें मोजीत. अमेरिका, रशिया, जपान येथून विद्यार्थी येत. आपल्याकडे १९१६ मध्यें कलकत्ता विद्यापीठांत मानसशास्त्राचा विभाग निघाला. त्याचे प्रमुख नरेंद्रनाथ सेनगुप्त हार्वर्ड येथें ज्या म्युन्स्टरबर्ग यांच्यापाशीं शिकले, ते वुंट यांचेच शिष्य. तेव्हां नातें अगदींच दूरचें नव्हे. पुतणी पहिल्याच रविवारीं ती प्रयोगशाळा पाहावयास निघाली, आणि ती १९४३ च्या डिसेंबरांतील विमानहल्ल्यांत नष्ट झाल्याचें तिला तेथें कळलें. वुंट यांच्या ग्रंथसंग्रहाचा मोठा भाग पाहावयाचा तर जपानांत सेंदाईच्या तोहोकु विद्यापीठांत जावें लागतें. हें तिनें मोठ्या विनोदानें सांगितलें. तिच्या विनोदावर विश्वास ठेवण्याची आमची चूक तेथूनच सुरू झाली.

आम्हीं एक नियम केला होता. रोज रात्रीं आठ वाजतां जेवणें आटोपलीं कीं व्हिडिओ कॉल लावावयाचा, आणि सहाही जणांनीं पाळीपाळीनें बोलावयाचें. कोणाचें बोलणें राहिलें तर त्याला वाईट वाटे. ती हंसे, खोली दाखवी, बाहेरचीं पिवळीं पानें दाखवी. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारीं तिकडे घड्याळें एक तास मागें घेतात. म्हणजे आमचे रात्रीचे आठ ते तिचे दुपारचे साडेतीन झाले. आम्हांला ती सोयच वाटली. नोव्हेंबरांत तेथें सव्वाचारच्या आसपास सूर्य मावळतो, डिसेंबरांत चारलाच, ही गोष्ट आमच्यापैकीं एकाच्याही ध्यानांत आली नाहीं. वर्गांतलीं मुलें तास संपल्यावर उरलेल्या उजेडांत फिरावयास जात. ही आमच्यासाठीं खोलीवर येऊन बसे. मग अंधार पडे. तिच्या दिवसाचा शेवटचा तासभर उजेड आम्ही सहाजण मिळून रोज घेत होतों, आणि त्याला माया म्हणत होतों.

नोव्हेंबरच्या मध्यावर एके रात्रीं फोन आईच्या हातीं असतां ती हळूच म्हणाली, "आजी, मला घरीं यायचंय." आईनें तें दोन दिवस मनांत ठेवलें व मग मला सांगितलें. बंधु त्याच क्षणीं तिकीट काढावयास निघाले.

मी पुस्तकी माणूस. मी पुस्तकें उघडलीं. विशेष हें कीं, घरच्या ओढीनें आजारी पडण्यावर वैद्यकशास्त्रानें जो पहिला प्रसिद्ध प्रबंध लिहिला, तोही एका विद्यार्थ्यानेंच. योहानेस होफर यानें १६८८ सालीं बाझल येथें तो लिहिला, आणि पाश्चात्य भाषांत आज रूढ असलेला 'नॉस्टॅल्जिया' हा शब्दही त्यानेंच घडविला. त्यानें दिलेल्या उदाहरणांत बर्नहून बाझलला शिकावयास आलेला एक तरुण आहे. तो मरणाच्या दारीं पोंचला असें सर्वांस वाटलें. परंतु त्याला घरीं न्यावयाचें ठरलें, गाडी निघाली, आणि थोडी वाट चालते न चालते तोंच तो सुधारूं लागला. बंधूंनीं एवढेंच ऐकलें व म्हणाले, "मग झालं तर! आणा तिला."

पण पुढच्या काळांतील संशोधन इतकें सोपें नाहीं. १९५५ सालीं लिसगार या नॉर्वेजियन समाजशास्त्रज्ञानें अमेरिकेंत राहून आलेल्या दोनशें नॉर्वेजियन अभ्यासकांना विचारून असें मांडलें कीं, प्रथम माणूस खुषींत असतो, सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान मन खालीं जातें, आणि मग पुन्हां वर येतें. हें खरें धरलें तर एका वर्षासाठीं गेलेलें मूल तळाशीं असतांनाच परत यावयाचें! सुदैवानें १९९८ मध्यें कॉलीन वॉर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं न्यूझीलंडला आलेल्या जपानी विद्यार्थ्यांना आल्याबरोबर, आणि मग वर्षभरांत पुन्हां पुन्हां विचारून पाहिलें. त्यांना उलट आढळलें. खिन्नता सर्वांत अधिक होती ती पाऊल ठेवल्याच्या वेळीं; पुढें ती कमी झाली. थोडक्याच विद्यार्थ्यांवरची ही पाहणी. तरी बुडालेल्याला पुरेशी काडी. म्हणजे ज्या आठवड्यांत आम्ही "कशी रमली आहे पाहा" म्हणून एकमेकांस सांगत होतों, तेच बहुधा तिचे सर्वांत वाईट आठवडे होते.

निकाल मात्र माझ्या वाचनानें लागला नाहीं. आई म्हणाली, "अरे, मी लग्न होऊन या घरीं आलें तेव्हां माझे वडील दर आठ दिवसांनीं पत्र घालीत. पत्र आलं कीं दोन दिवस मला हें घर परकं वाटे. सहा महिन्यांनीं तुझ्या आजीनं त्यांना कळवलं कीं महिन्याला एक घाला. तेव्हां मला तिचा फार राग आला होता." एवढें बोलून ती भाजी निवडूं लागली. त्या दिवसापासून फोन फक्त रविवारीं, आणि तोही तिनें करावयाचा, असें ठरलें. पहिले दोन आठवडे घरांत आठ वाजतां जी शांतता पसरे ती मी विसरणार नाहीं. भावजय उगीच भांडीं लावीत बसे.

येथें एक गोष्ट स्पष्ट लिहितों. सर्वच दुःख घरच्या ओढीचें नसतें. झोंप उडाली, जेवण सुटलें, वर्ग चुकूं लागले, आणि दोन आठवडे असेंच चाललें, तर कमी फोन करणें हा त्यावरचा उपाय नव्हे. तेथें जाणत्याची मदत हवी. लाइपझिगला विद्यार्थ्यांसाठीं मानसिक अडचणींत सल्ला देणारें केंद्र आहे. पुतणीला तें पहिल्या दिवसापासून ठाऊक होतें. पण ती तेथें जावयास लाजली. "मानसशास्त्र शिकावयास आलें, आणि मलाच..." असें तिनें नंतर सांगितलें. ताप आलेला वैद्यकीचा विद्यार्थी औषध घेतांना लाजत नाहीं! अखेर शेजारच्या खोलींतील मुलगी तिला घेऊन गेली. तीन वेळां गेल्यावर सकाळीं उजेडांत चालण्याचा आणि रात्रीं ठराविक वेळीं निजण्याचा तिनें नेम धरला, आणि जानेवारींत ती रविवारचा फोन विसरली. बंधूंना राग आला. आईनें देवापुढें साखर ठेवली.

आतां अभ्यासाविषयीं. व्याख्यानें, संख्याशास्त्र, परीक्षा हें सर्व आपल्याकडच्यासारखेंच, फक्त जर्मनमध्यें. निराळी गोष्ट एकच. तेथें मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला कांहीं ठराविक तास दुसऱ्यांच्या प्रयोगांत 'प्रयुक्त' म्हणून, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करावयाचा तो म्हणून, बसावेंच लागतें. ही त्या गांवची जुनी रीत म्हणावयास हरकत नाहीं. वुंट यांच्या प्रयोगशाळेंत आज घड्याळ सांभाळणारा उद्यां दिव्यापुढें बसे. स्वतः वुंटही बसत. अशाच एका तासांत पुतणीपुढें एक कागद आला. वर प्रश्न : 'मी कोण आहें?' आणि खालीं उत्तरासाठीं वीस रिकाम्या ओळी. कून आणि मॅकपार्टलंड या अमेरिकन अभ्यासकांनीं १९५४ सालीं ही कसोटी प्रसिद्ध केली. पुतणीनें झरझर लिहिलें : आजीची नात, अमक्यांची मुलगी, पुण्याची, काकांची पुतणी. नंतर शेजारच्या खोलींतील त्या मुलीशीं ताडून पाहिलें. तिची पहिली ओळ 'मी जिज्ञासु आहें', दुसरी 'मला एकटीनें सायकलवर भटकणें आवडतें.' नात्याचें नांव पंधराव्या ओळींत.

या एका कागदावरून दोन संस्कृतींचा निवाडा करूं नये. तशी घाई पुष्कळांनीं केली आहे. परंतु पत्रलेखक गृहस्थांच्या प्रश्नाचें उत्तर मला येथें सांपडतें. २००८ सालीं जेफ्री आर्नेट यांनीं मानसशास्त्राच्या सहा प्रमुख अमेरिकन नियतकालिकांची तपासणी करून दाखविलें कीं, त्यांतील प्रयुक्तांपैकीं शेंकडा ९६ पाश्चात्य औद्योगिक देशांतले होते, आणि त्या देशांची लोकसंख्या जगाच्या सुमारें शेंकडा १२ च आहे. त्यांत पुन्हां कॉलेजच्या मुलांचा भरणा मोठा. आपल्या मुली पुण्यांत जीं पुस्तकें पाठ करतात त्यांतील 'मनुष्य असा वागतो' हीं वाक्यें पुष्कळदां या मुलांवरून आलेलीं. पुस्तकांतला तो मनुष्य पुतणीला तेथें प्रत्यक्ष भेटला. तो शेजारच्या खोलींत राहत होता, मनमिळाऊ होता, पण तो म्हणजे आपली आजी नव्हे हें तिला कळलें. घरीं बसून हें वाचतां आलें असतें. पण आम्हीं तरी कोठें वाचलें होतें?

ती ऑगस्टांत परत आली. आमची समजूत अशी कीं आतां सर्व संपलें. खरें म्हणजे परतण्याचीही एक दुसरी खालची पायरी असते, असें गुलाहॉर्न दांपत्यानें १९६३ मध्येंच लिहून ठेवलें आहे. ती खोलीचें दार लावून घेऊं लागली. आमच्या घरांत दार लावतात तें आजारी माणसाचें. रविवारीं शेजाऱ्यांच्या ड्रिल मशीनचा आवाज झाला कीं ती म्हणे, "आमच्याकडे रविवारीं असं चालत नाहीं," आणि 'आमच्याकडे' ऐकून भावजयीचा चेहरा उतरे. त्यांतच कॉलेजनें संख्याशास्त्राचा तिकडचा पेपर मान्य करण्याचें नाकारलें. कारण काय, तर शीर्षक जुळत नाहीं! तो तिला पुन्हां द्यावा लागणार आहे. पत्रलेखकांनीं एवढें अवश्य करावें, कीं जाण्यापूर्वींच प्रत्येक विषयाच्या अभ्यासक्रमावर आपल्या कॉलेजची लेखी संमति घ्यावी. तोंडी 'होईल, होईल' वर आम्हीं विसंबलों.

गणपतीच्या सुट्टींत तिनें तो वीस ओळींचा कागद आम्हां सर्वांस वांटला. मी सतरा ओळी लिहिल्या. त्यांतल्या नऊ माझ्या नोकरीच्या होत्या असें तिनें मोजून दाखविलें. पत्नीनें आपला कागद कोणास दाखविला नाहीं. आईनें चार ओळी लिहिल्या : अमक्यांची मुलगी, अमक्यांची सून, या मुलांची आई, हिची आजी. मग चष्मा काढून म्हणाली, "आणखी सोळा कुठून आणूं?" पुतणी म्हणाली, "राहूं दे आजी, घाई नाहीं."

दुसऱ्या दिवशीं सकाळीं कागद चहाच्या टेबलावर होता. पांचवी ओळ भरलेली होती : 'मला पोहतां येतें.' आईचें माहेर कोंकणांतलें, घरामागें विहीर. साठ वर्षें ती या घरांत आहे, आणि मला ही गोष्ट माझ्या अठ्ठावन्नाव्या वर्षीं कळली.