पाऊणपटीचं गणित

कबनूरची मुलं मागाच्या खडखडाटात झोपी जातात. दिवाळीत माग थांबले की त्यांचा पहिला हट्ट समुद्राचा. तो पुरवावा, असं मी मनापासून सांगते.

मालवणला फोंडा घाटाने, गणपतीपुळ्याला आंबा घाटाने. घाट लागण्याआधी मुलांना पोटभर जेवू घालू नका. वळणांवर त्रास होतो. थोडी भाकरी-चटणी आणि आवळासुपारी पुरे.

खरी काळजी पाण्याची. आपण पंचगंगेकाठची माणसं, महापूर ओळखतो; भरती-ओहोटी मात्र आपल्या सवयीची नाही. कोकणात एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. पुढे सहा तासांनी ओहोटी. दिनदर्शिका घरात असतेच, निघण्याआधी मुलांकडूनच हा हिशेब करून घ्या. तरी पाण्यात उतरण्यापूर्वी तिथल्या मच्छीमाराला विचारा. गणपतीपुळ्याचा किनारा देखणा, पण धोक्याचा. तिथे वाळूतच किल्ला करा. ओहोटीचं पाणी मोठ्या माणसाचेही पाय ओढतं, मग तीन वर्षांच्या लेकराचं काय? हात सोडू नका, फोटो नंतर.

मालवणात होडीने सिंधुदुर्गावर जा. शिवरायांनी 1664 साली बांधायला घेतलेल्या या किल्ल्यात, चहूकडे खारं पाणी असताना, दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी गोड्या पाण्याच्या आहेत. मुलांना ती नावं आधी सांगू नका. विहिरीच्या काठावरच सांगा.