ऑल-टेरेन बुटांचा कात्रजचा घाट

जून आला की आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. "कात्रज ते सिंहगड नाईट ट्रेक, नवख्यांसाठी उत्तम!" खाली 'काय आणावे'ची यादी: टॉर्च, तीन लिटर पाणी, सुका खाऊ, आणि 'ट्रेकिंग शूज (ऑल-टेरेन)'. माझं भांडण त्या कंसातल्या शब्दाशी आहे. दर वर्षी गिळतो, या शनिवारी नाही गिळणार.

मी कात्रजला राहतो. जुन्या बोगद्यापासून, वाघजाईच्या देवळाजवळून निघणारी ही वाट बऱ्याचदा केली आहे. तेरा टेकड्या म्हणतात, चौदा म्हणतात, पहाटे तीन वाजता कोणीही नीट मोजत नाही. चढांचं कौतुक सगळे करतात, पण माणसं पडतात ती उतारांवर. आणि हे उतार वर्षभर एकसारखे नसतात हो! जुलैत चिखल आणि ओलं गवत. ऑक्टोबर संपता संपता तेच गवत वाळून आडवं होतं आणि त्यावरून पाय सटकतो. मार्चपासून निव्वळ मुरूम, म्हणजे कडक जमिनीवर पसरलेले बारीक खडे. मधूनमधून उघडा कातळ, कोरडा असला तर देवमाणूस, ओला आणि शेवाळलेला असला तर वैरी.

आता या सगळ्याला एक बूट? सोलचं गणित बघा. चिखलात खाचा खोल आणि लांब लांब हव्यात, म्हणजे त्या रुततात आणि चिखल झडून जातो. जवळ जवळ असल्या की चिखल भरतो आणि तळवा सपाट होतो. ओल्या कातळावर बरोबर उलटं: तिथे रुतायला काही नाही, तिथे जास्तीत जास्त रबर दगडाला टेकायला हवं, आणि तेही मऊ. पण मऊ रबर लवकर झिजतं, म्हणून टिकाऊपणाची हमी देणारा कडक रबर घालतो. मुरमावर तर खाच कितीही खोल असो, खडे तिच्याखाली बॉल बेअरिंगसारखे फिरतात. आणि शेवाळावर काहीच चालत नाही, तिथे बाजूने जायचं. थोडक्यात, एक गोष्ट वाढवली की दुसरी कमी होते. आपल्या धंद्यात याला ट्रेड-ऑफ म्हणतात आणि क्लायंटला तो स्पष्ट सांगावा लागतो. बुटाच्या खोक्यावर मात्र डोंगराचा फोटो छापला की काम झालं.

स्कीइंगवाले या बाबतीत जास्त प्रामाणिक वाटतात. त्यांच्यातही 'ऑल-माउंटन' नावाची स्की असते, मध्यभागी साधारण ८० ते १०० मिलिमीटर रुंद. अरुंद स्कीची धार कडक बर्फात चटकन चावते, रुंद स्की ताज्या भुसभुशीत बर्फावर तरंगते, आणि ही मधली दोन्हीकडे 'चालेल' इतपत. पण ही तडजोड आहे हे त्यांच्यातला कोणीही जाणकार सांगेल. भरपूर ताजा बर्फ पडला की तो रुंद स्की घेऊन निघतो. आपल्याकडे तडजोडीलाच गुणवत्ता म्हणून विकतात.

यावर एकजण म्हणाला, "अरे, पण खाचांचं रबरी सोल निघालंच मुळी सगळीकडे चालावं म्हणून." खरं आहे. १९३५ साली आल्प्समध्ये सहा गिर्यारोहक गेले, त्या धक्क्यातून इटलीच्या विताले ब्रामानीने १९३७ मध्ये ते सोल आणलं. त्याआधी वाटेला खिळ्यांचे बूट आणि कातळावर चढताना हलके बूट असा प्रकार होता. तेव्हा ती मोठीच सुधारणा होती, नाही कोण म्हणतो? पण त्या माणसाने पावसाळ्यातला आपला उतार बघितला नव्हता :)

दुसरा नेहमीचा मुद्दा: "गावातले लोक चपलांवर चढतात की!" चढतात. कारण त्यांना पाय कुठे ठेवायचा ते माहीत असतं, आणि पावसात रात्री एक वाजता हौस म्हणून तेरा टेकड्या ते करत नाहीत.

जुन्या ट्रेकर लोकांना विचारा. कित्येक वर्षं सह्याद्रीत स्वस्तातले अॅक्शनचे ट्रेकिंग बूट नाहीतर कॅनव्हासचे हंटर वापरले गेले. त्यांना कोणी 'ऑल-टेरेन' म्हटलं नाही. ग्रिप चांगली म्हणून घेतले, झिजले की टाकले.

असो. राग येण्याचं खरं कारण वेगळं आहे. गेल्या वर्षी आमच्या ग्रुपमधली एक मुलगी पहिल्यांदाच आली होती. यादी वाचून तिने सात हजारांचे बूट घेतले. चौथ्या-पाचव्या उतारावर, ओल्या गवतात, मागे रेलून उतरताना घसरली आणि मनगट मोडलं. पुढचे दोन तास अंधारात तिला खाली आणण्यात गेले. नेणारा काय म्हणाला माहितीये? "मॅडम, तुमचे शूज चांगले नसतील." म्हणजे यादी त्याची, महिना त्याने निवडलेला, पन्नास माणसांमागे दोन लीडर त्याचे, आणि दोष बुटाचा! वजन पुढे ठेवा, पावलं छोटी टाका, गुडघे थोडे वाकवा, हे तिला निघताना कोणी दोन मिनिटं सांगितलं नव्हतं. ते फुकट असतं, म्हणून बहुधा यादीत बसत नाही.

लाल महालावरच्या छाप्यानंतर, १६६३ साली, बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मोगलांना या घाटाकडे पळवलं अशी गोष्ट सांगतात. तेव्हा निदान शत्रूला फसवलं होतं. इथे सातशे रुपये फी भरून आलेल्या आपल्याच माणसांना पलिते दाखवतात.

या वर्षीच्या मेसेजला मी उत्तर लिहिलं: कंस काढा. त्याऐवजी लिहा की जुलैत उतार चिखलाचे आहेत, खोल खाचांचे बूट आणा, काठी आणा, पहिलाच ट्रेक असेल तर या महिन्यात येऊ नका. दहा मिनिटांत उलट मेसेज आला, "सर, असं लिहिलं तर नवीन पब्लिक येणारच नाही."

नको येऊ दे. डिसेंबरात येईल. तेव्हा वाटही कोरडी असते आणि चांदणंही दिसतं.