विश्लेषण : लग्नाचा फलक रस्त्यावर लावायला परवानगी लागते का?

तुळशीचं लग्न लागलं की गावोगावच्या चौकांत फलक दिसू लागतात. वर 'शुभविवाह', मध्ये नवरा-नवरीचा फोटो आणि खाली गॉगल लावलेल्या काका-मामांची रांग. कोपऱ्यात 'स्वागतोत्सुक : समस्त मित्रपरिवार'. कार्यालयाकडे कुठे वळायचं, एवढं मात्र अनेकदा राहून जातं.

बेकायदा फलकांचा विषय निघाला की बोट पुढाऱ्यांच्या वाढदिवसाकडे जातं. पण कायदा लग्नघरालाही तेवढाच लागू होतो.

चेन्नईत काय घडलं होतं?

सप्टेंबर 2019 मध्ये चेन्नईच्या पल्लीकरणई भागात 23 वर्षांची एक सॉफ्टवेअर इंजिनिअर स्कूटरवरून घरी निघाली होती. रस्त्याच्या दुभाजकावरचा फलक तिच्या अंगावर पडला, ती खाली कोसळली आणि मागून आलेल्या टँकरखाली सापडून तिचा मृत्यू झाला. तो फलक तेव्हाच्या सत्ताधारी अण्णाद्रमुकच्या एका स्थानिक नेत्याच्या मुलाच्या लग्नाचा होता. परवानगी घेतलेली नव्हती. अशा फलकांवर मद्रास उच्च न्यायालयाने त्याआधीच बंदीचे आदेश दिलेले होते.

महाराष्ट्रात नियम काय?

इथे 1995 चा मालमत्ता विद्रूपणास प्रतिबंध करणारा कायदा आहे. स्थानिक संस्थेच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक ठिकाणी फलक लावला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. फलक स्वतः बांधला काय किंवा दुसऱ्याकडून बांधून घेतला काय, जबाबदारी टळत नाही. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2017 रोजी बेकायदा फलकांविरोधात सविस्तर निकालही दिला. तरी चौक मोकळे झाले नाहीत. दोन हजारांचा दंड म्हणजे लग्नाच्या खर्चात आहेराच्या पाकिटाएवढाही नाही, आणि तोही भरावा लागेलच असं नाही.

म्हणजे विजेचा खांब, झाड, दुभाजक यांवर बाण दाखवणारा छोटा फलकही परवानगीशिवाय नको. त्यासाठी महापालिकेकडे किंवा नगरपालिकेकडे अर्ज करायचा. सर्वांत सोपी जागा म्हणजे कार्यालयाचं स्वतःचं फाटक आणि आवार, तेही कार्यालयवाल्यांना विचारून.

मग पाहुण्यांना रस्ता कसा कळणार?

इथे थोडं गणित कामी येतं. फलक तयार करणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे : दर 10 फूट अंतरामागे अक्षराची उंची एक इंच. चार इंचांचं अक्षर 40 फुटांवरून आरामात वाचता येतं. पण ताशी 40 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात 36 फूट कापते, म्हणजे वाचायला जेमतेम सेकंद मिळाला. तीन सेकंद हवे असतील तर अक्षर 11 इंचांचं पाहिजे. देवनागरीत वर वेलांटी आणि खाली उकार, त्यामुळे दोन ओळींमध्ये जागाही जास्त सोडावी लागते. दोन फूट बाय तीन फुटांच्या फलकावर मग दोन आडनावं आणि एक बाण, एवढंच बसतं. चि. आणि चि. सौ. कां. पत्रिकेत शोभतात, वळणावर त्यांचा उपयोग नाही.

नावं गाळली तर रुसवे?

खरी अडचण हीच. फलकावर कोणाचं नाव आधी, कोणाचा फोटो लहान, यावरून भावकीत वर्षानुवर्षं अबोला राहतो. फ्लेक्सची छपाई चौरस फुटावर असते, त्यामुळे 'आणखी दोन फोटो टाका' म्हणायला फारसे पैसे पडत नाहीत, आणि फलक वाढत जातो. मानाची यादी पत्रिकेत किंवा मांडवाच्या दारात लावता येते. तिथे पाहुणे थांबून वाचतात, आपलं नाव शोधतात आणि फोटोही काढतात.

लग्नानंतर फलकाचं काय?

1 जुलै 2022 पासून देशात 100 मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक आणि पीव्हीसी फलकांवर बंदी आहे. नेहमीचा फ्लेक्स त्याहून जाड असल्याने तो या बंदीतून निसटतो. पीव्हीसी जाळलं तर विषारी वायू निघतात. गावाकडे या फ्लेक्सचं पुढे गोठ्याचं छप्पर होतं, कडब्यावरचं पांघरूण होतं. कापडी फलकावर तारीख छापली नाही, तर तोच धाकट्या बहिणीच्या लग्नालाही चालतो. आडनाव तेच, बाण फक्त फिरवायचा.