वेल्डिंग शेतकऱ्यानं का शिकू नये?

कल्टिव्हेटरची पट्टी तुटली की आपण तालुक्याला पळतो. दोन इंच टाक्यासाठी दिवस जातो, वापसाही जातो.

म्हणून पन्नाशीत वर्तकनगरला भाच्याच्या गाळ्यावर आठ दिवस बसलो. पहिल्या दिवशी रॉड नुसता चिकटत होता. मग कळलं: अडीच एमएमचा ६०१३ रॉड, ७०-८० अँपिअर, रॉड कोरडा, अर्थिंग घट्ट, लोखंड घासून साफ. काचेशिवाय बघितलं तर रात्रभर डोळ्यांत वाळू. जस्ताच्या पाइपाचा धूर तर नाकात जाऊच देऊ नका.

आयटीआयचा वेल्डर कोर्स वर्षाचा. आपल्याला वर्ष कुठलं? कृषीवाले साहेब, फवारणीची शिबिरं पुष्कळ झाली. आता आठ दिवसांचं एक वेल्डिंगचं घ्या. अनुदानावर अवजार देता, मग ते जोडायलाही शिकवा की!