जाळी अंथरण्याआधी पाणी वळवा



ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या काठच्या उसाची काय दशा झाली ती आपण सर्वांनी पाहिली. ऊस पुन्हा लावता येतो. पण ओढ्याच्या, नदीच्या काठाची जमीन ढासळली की ती परत येत नाही. सातबाऱ्यावर क्षेत्र तेवढेच राहते, शेतात मात्र सऱ्या कमी होतात. हिशेबच करायचा तर एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. त्यातली एक फूट माती गेली म्हणजे जवळजवळ ११ ब्रास माती गेली. एवढी काळी माती विकत आणून टाकायची म्हटली तर काय पडेल, ते ज्याचे त्याने पाहावे.

म्हणूनच 'जिओसेल' जाळीविषयी हल्ली शेतकी खात्याकडे विचारणा होते. कारखान्याने ही जाळी उधारीवर द्यावी आणि ऊस बिलातून कपात करावी, अशीही काहींची मागणी आहे. माझे मत स्पष्ट सांगतो. जाळी चांगली आहे, पण ती सरसकट देऊ नये.

आधी वस्तू समजून घेऊ. मऊ वाळूवरून वजनदार गाड्या नेता याव्यात म्हणून अमेरिकन लष्कराच्या अभियंत्यांनी १९७० नंतरच्या दशकात ही कल्पना पुढे आणली. जाड प्लॅस्टिकच्या पट्ट्या ठरावीक अंतरावर एकमेकींना जोडलेल्या असतात. मिटलेला गठ्ठा ओढून पसरला की मधमाशांच्या पोळ्यासारखी घरे तयार होतात. घरांची खोली साधारण तीन ते आठ इंच. आपल्या भाषेत सांगायचे तर हे उतारावर पाडलेले वाफेच. पावसाचे पाणी उतारावरून सरळ धावत नाही, घराघरात अडते. ओघळ पडत नाही, गवताला मूळ धरायला सवड मिळते.

पण सहा इंची जाळी सहा इंच माती धरते. तिच्याखालचा काठ ती धरत नाही, आणि आपले काठ जातात ते बहुधा खालून. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. पावसाळ्यात त्याच भेगांतून पाणी आत उतरते, माती जड होते आणि काठाचा अख्खा धस खाली बसतो. वर जाळी असली तर तीही बरोबर जाते. एका एकरावर एक इंच पाऊस म्हणजे सुमारे एक लाख लिटर पाणी. ते सगळे काठावरून जिथे वाट मिळेल तिथे उतरणार असेल तर कोणती जाळी टिकेल? त्यात शेवटच्या सरीचे जादा पाणी ओढ्यात सोडून द्यायची आपली सवय आहेच.

तेव्हा क्रम असा धरावा. काठापासून आत बांध घालून चर खणावा, पाणी वळवून एकाच ठिकाणी दगडी सांडव्याने किंवा पाइपने खाली उतरवावे. ओढ्याचे पाणी पायथा कोरत असेल तर तिथे तारेच्या जाळीतल्या दगडांनी पायथा बांधावा. पात्रातल्या कामाला संबंधित खात्याची परवानगी लागते, हेही ध्यानात ठेवावे. मग उभा काठ तासून एक फूट उंचीला दीड-दोन फूट पाया असा उतार करावा. इथेच घोडे अडते. उतार करायचा म्हणजे काठाच्या दोन-तीन सऱ्या सोडाव्या लागतात आणि मन होत नाही. अहो, त्या आपण सोडल्या नाहीत तर ओढा नेतोच, आणि तो मोजून नेत नाही!

एवढे झाल्यावर जाळी. खाली न विणलेले कापड, माथ्यावर चर घेऊन त्यात जाळीचे टोक पक्के गाडलेले, वाकवलेल्या सळईच्या खुंट्या, आणि माती वरून खाली भरत आणलेली. घरे भरून वर इंच-दोन इंच माती येऊ द्यावी व चोपावी. काम तोडणीनंतर, एप्रिल-मेमध्ये उरकावे आणि पहिल्या पावसाला गवत लावावे. उतार मंद असेल तर जाळीची गरजच नाही. वाळ्याच्या आडव्या ओळी आणि मारवेल गवत पुरते. वाळ्याचे मूळ दहा फुटांपर्यंत खोल जाऊ शकते.

आणखी एक. जाळीचे प्लॅस्टिक सुमारे १३० अंश सेल्सिअसला वितळते. काठाच्या सरीत पाचट पेटवले की वर्षाच्या कामाची राख व्हायला एक संध्याकाळ पुरते. पाचट कुजवावे, हे आम्ही सांगतोच. इथे त्याला आणखी एक कारण मिळाले.

शेवटी मुद्दा पैशाचा. पाणी न वळवता जाळी टाकली तर ती पहिल्या मोठ्या पावसात जाईल आणि कपात मात्र पुढच्या बिलांतून चालूच राहील. शिवाय एकाने काठ बांधला की पाण्याचा जोर समोरच्या किंवा खालच्या शेजाऱ्याच्या काठावर जाऊ शकतो. म्हणून उधारी द्यायचीच तर ती एकट्याला न देता, ओढ्याकाठच्या लगतच्या सभासदांनी मिळून अर्ज केला असेल, आणि चर व पायथ्याचे काम शेतकी खात्याने पाहून घेतले असेल, तरच द्यावी. सुरुवात ऊस वाहतुकीच्या शिवार रस्त्यांच्या ओढ्याकडील उतारांवर करावी. तो फायदा सर्वांचा आहे.

हे माझे मत झाले. वार्षिक सभेत यावर जरूर बोलावे. तोपर्यंत ज्यांचा काठ ढासळतो आहे त्यांनी शेजाऱ्याला बरोबर घेऊन गट कार्यालयात नोंद करावी. ऊस तुटून रान मोकळे झाले की आपण मिळून काठ पाहू.

— ऊस विकास अधिकारी