प्रतिनायकाचा सातबारा

प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’ (२०१८) या चित्रपटातील राहुलला ‘प्रतिनायक’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. हे नामकरण दोन्ही अंगांनी सदोष आहे. धनंजयाच्या ‘दशरूपका’त प्रतिनायक म्हणजे नायकाचा लोभी, उद्धत, पापी व व्यसनी शत्रू, रामाला रावण असतो तसा. साठोत्तरी समीक्षेने हाच शब्द पाश्चात्त्य संकल्पनेसाठी राबवला आणि त्यात ‘कोसला’तील (१९६३) पांडुरंग सांगवीकर बसवला, ‘वासूनाका’तील (१९६५) पोरेही बसवली. निदान त्या पात्रांनी नायकपणच नाकारले होते. पांडुरंग गावी परततो तो काही जिंकून नव्हे. राहुल मात्र जिंकतो, धाक बसवतो, आणि त्याच्या प्रत्येक पावलाला पार्श्वसंगीत साथ देते. तो जुन्याच वळणाचा नायक होय. हाती कोयता आला एवढाच फरक.

तो अखेरीस मरतो, हे नैतिक समर्थन म्हणून पुढे केले जाते. ‘दीवार’मधील (१९७५) विजयही मरतो, ‘वास्तव’मधील (१९९९) रघूही मरतो, मरणाने त्यांची मोहिनी घटली, असे कोणी म्हणणार नाही. ‘मुळशी पॅटर्न’चे हिंदी रूप ‘अंतिम’ (२०२१) ‘वास्तव’च्याच दिग्दर्शकाच्या, महेश मांजरेकरांच्या, हाती यावे, हे अगदीच आकस्मिक नाही. (‘देवमाणूस’ या मालिकेतील तोतया डॉक्टरला शिक्षा कधी होणार, यापेक्षा तो पुढे काय करणार याचीच उत्सुकता घरोघर होती, हेही येथे आठवावे.)

परंतु संज्ञेचा घोळ ही दुय्यम बाब आहे. पिंपळे सौदागरच्या शेतांवर आज गृहसंकुले उभी आहेत. तेथून वाकड ओलांडले की हिंजवडी लागते आणि हिंजवडी मुळशी तालुक्यातच मोडते. १९७२ साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. तेव्हापासून या पट्ट्यातील शेती गेली ती प्रामुख्याने कागदाने: अधिसूचना, मोजणी, मुखत्यारपत्र, खरेदीखत. कोयता मागाहून येतो. चित्रपटात जमीन बळकावणारे गुंड आहेत, परंतु ही कायदेशीर, सभ्य, शिक्कामोर्तब झालेली प्रक्रिया त्याचा विषय होत नाही. बापाने जमीन विकली हे मूळ पाप आणि मुलाची गुंडगिरी हे त्याचे फळ, अशी कर्मविपाकाची मांडणी तो करतो. विकणारा दोषी ठरतो. घेणारा केवळ पार्श्वभूमी. मोहन जोशींनी उभा केलेला, जमीन गमावून पहारेकरी झालेला बाप हे या चित्रपटाचे खरे सामर्थ्य आहे, आणि समीक्षेने नेमके त्याच्याकडेच पाहिले नाही. तिला मुलाच्या दहशतीत ‘व्यामिश्रता’ दिसली. जमीन गेल्यावर खोल्या भाड्याने देऊन, टेम्पो चालवून, कंत्राटी कामगार होऊन जगणाऱ्यांत नाट्य नसते, असे ज्या अभिरुचीने ठरवले, तीच आता गुंडाला भूमिहीनांचा प्रतिनिधी नेमते आहे.

१९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीतील शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. ते हरले, धरण झाले, गावे बुडाली. हाही एक मुळशी पॅटर्नच होता. पण चित्रपटाच्या शीर्षकातील या शब्दयोजनेवर हरकत घेताना कोणी समीक्षकाने त्याचे नाव काढल्याचे दिसत नाही.